थ्री फेजवरची गाडी

५ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. मोठ्या कामात तारखा लिहून ठेवलेल्या बऱ्या.

काम: घरच्या घरी मोशन सिम्युलेटर. रेसिंग गेममध्ये गाडी वळली की आपली खुर्चीही कलणार, ब्रेक मारला की पुढे झुकणार. सध्या ऑनलाइन रेसमध्ये मी बहुतेक शेवटचा येतो. कारण उघड आहे. प्लास्टिकच्या खुर्चीत अंगाला रस्ता कळत नाही.

क्रम ठरला. आधी सिम्युलेटर, त्यावर हात बसवायचा, मग लायसन्स, मग कार. विमानवाले असंच शिकतात. लायसन्सच्या टेस्टला दोनदा जाऊन आलो, पण दोन्ही वेळा गाडी त्यांची होती, त्यामुळे त्या टेस्ट मी धरत नाही.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बेळगावच्या हॉस्पिटलने २७ तारीख दिलीय. मी आईला सांगून टाकलं, बसने धक्के खात जायचं नाही, मी गाडीने नेणार. मंगल म्हणाली, कुठल्या गाडीनं? बायकोला प्लॅनिंग समजावत बसलं की दिवस जातो. तीन आठवडे पुष्कळ आहेत.

१२ जानेवारी, रविवार

कंपनीच्या भंगारातून दोन मोटरी आणि खुर्ची वरखाली करायला दोन स्क्रू जॅक आणले. मी डिस्पॅचला आहे, पण उद्यमबागेतल्या कारखान्यांत इतकी वर्षं काढली की इंजिनियरिंग अंगात मुरतंच.

मोटरी थ्री फेजच्या निघाल्या. घरात सिंगल फेज. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. बघू म्हटलं होतं.

थ्री फेज आहे शेतात, विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत. म्हणजे जागेचाही प्रश्न सुटला. मष्णू अण्णा म्हणाला, पंपाच्या खोलीत पंप र्‍हातोय. मी म्हटलं, टेंपररी आहे. तर म्हणे, तुझं टेंपरवरी मला ठाव हाय, तुझ्या त्या पळायच्या मशीनवर आमची हिनं कांदं वाळत घातल्यात. थोरल्या भावाला उलट बोलायचं नाही म्हणून मी नुसत्या मोटरी आत नेऊन ठेवल्या.

१९ जानेवारी, रविवार

गावातल्या परशराम वेल्डरने वेल्डिंग केलं. जुन्या लोखंडी खाटेची फ्रेम, त्यावर जुन्या ट्रॅक्स जीपची सीट, पुढे स्टीअरिंग. बघतच राहावं असं काम.

पंपाच्या खोलीचं दार अरुंद आहे. खोली बांधताना वडिलांनी पुढचा विचार केला नाही. फ्रेम मधोमध कापून आत नेली आणि परत जोडली. आता थोडी डावीकडे कलते. कलणं हेच तिचं काम असल्यामुळे फरक पडत नाही.

संकल्प: उद्यापासून रोज काम.

२६ जानेवारी, रविवार

मधले दिवस काम झालं नाही. कंपनीत लोड होता.

गावात भलतंच पसरलंय. थ्री फेजची वायर, मोटर, सीट, स्टीअरिंग, हे सगळं बघून परशरामने का कुणी सांगितलं, नागेंद्र करंटवरची गाडी करालाय. आईच्या कानावर गेलं. ती शेजारच्या बाळाबाईला अंगणात बसून सांगत होती, माझ्या ल्योकाची गाडी झाल्याबिगर मी डोळं करून घ्यायची न्हाय, त्याच्याच गाडीतनं जाणार. बाळाबाईने आणखी चौघींना बोलावून ते परत वदवून घेतलं.

खुलासा करणार होतो. पण सिम्युलेटरला मराठीत काय म्हणायचं? शिवाय करंटवर चालते हे खरंच आहे. गाडी आहे हेही जवळजवळ खरं. आईने स्वतःच तारीख पुढे ढकलायला लावली, त्यात माझा काय दोष? हॉस्पिटलला फोन केला. २४ फेब्रुवारी.

मंगलने कॅलेंडरवरची २७ तारीख खोडली. मग म्हणाली, आत्तींनी (म्हणजे आईने) आज आमटीत मिठाऐवजी साखर घातली. मी जेवलो तेव्हा मला तर बरी लागली होती.

९ फेब्रुवारी, रविवार

वीज खात्याचा माझ्यावर राग आहे. एका आठवड्यात थ्री फेज सकाळी, तेव्हा मी कामावर. पुढच्या आठवड्यात दुपारी, तेव्हाही मी कामावर. उरतो रविवार. रविवारी करंट आला की अण्णाला मिरचीला पाणी सोडायचं असतं. पंप आणि माझ्या मोटरी एकदम चालत नाहीत, फ्यूज जातो. तडजोड झाली, आधी अण्णा, मग मी. अण्णाचं आधी संपेपर्यंत करंट जातो.

दुपारभर पट्टा बांधून नुसता बसून राहिलो. गिअर टाकायची प्रॅक्टिस केली. अण्णा बांधावरून म्हणाला, कुठं पोचलास रं? मी गिअर बदलला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आई बाळाबाईचा हात धरून गाडी बघायला शेतावर आली. मला कुणी आधी कळवलं नव्हतं.

तिला आता सावल्याच दिसतात. हाताने सगळं चाचपलं. सीट लई मऊ हाय म्हणाली. समोर आमचा घरातला टीव्ही लावलाय (मंगलशी त्यावरून वेगळी चर्चा झाली). त्यावर हात फिरवून म्हणाली, काच मोठी घेतलास की. मग त्या काचेला हळदकुंकू लावलं. चालीव की म्हणाली. मी म्हटलं, आता करंट नाही. असू दे म्हणाली आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून बराच वेळ बसून राहिली. मध्येच इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटन दाबून बघितलं आणि बाळाबाईला म्हणाली, हॉर्न सुदीक बसिवलाय त्यानं.

तिचा चेहरा इतका खुललेला होता की त्या वेळी टेक्निकल बोलणं बरं दिसलं नसतं. खुलासा सवडीने करावा.

२३ फेब्रुवारी, रविवार

ट्रायल! अण्णा लग्नाला चिकोडीला गेलाय. खोली, करंट, सगळं माझं.

चालली. खरंच चालली. गेममध्ये डावीकडे वळलो आणि आख्खी खुर्ची अंगासकट कलली. ओरडलो. असा आनंद लग्नातसुद्धा झाला नव्हता. (हे पान मंगलच्या हाती लागता कामा नये.)

दुसऱ्या वळणाला करंट गेला. बाहेर येऊन बघतो तर रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून धूर. योगायोग. शिवारातले सगळे मात्र माझ्याकडे बघत होते. लाइनमन आला, कानडीत आग्तद, आग्तद (होईल, होईल) म्हणाला आणि निघून गेला.

अशा परिस्थितीत उद्या हॉस्पिटल शक्य नाही. नवी तारीख २४ मार्च. फोनवरची बाई म्हणाली, पेशंटला नको आहे का ऑपरेशन? मी म्हटलं, पेशंट तयार आहे, व्हेइकलचा इश्यू आहे.

९ मार्च, रविवार

सविस्तर लिहिणार नव्हतो. पण रेकॉर्ड सरळ असावं.

ट्रान्सफॉर्मर बदलून मिळाला. अण्णा यायच्या आधी शेतावर गेलो, पट्टा आवळला, रेस सुरू केली. डावीकडे वळलो तर खुर्ची उजवीकडे. सुरुवातीला वाटलं हा सेटिंगचा भाग असेल. खुर्ची पुरेशी कलली की मोटर बंद करणारा स्विच मी लावलाय, पण तो डावीकडे, आणि खुर्ची चाललेली उजवीकडे. ती कलतच गेली. शेवटी जॅक अडकला, माझ्या बाजूचा फ्यूज उडाला आणि मी भिंतीला गाल लावून आडवा लटकलो. पट्ट्याचं बक्कल माझ्याच वजनाखाली. लाल बटन वरच्या बाजूला राहिलं.

अण्णा आला. मला बघितलं. हसला नाही, हे जास्त लागलं. पंप सुरू केला, तो नुसता गुरगुरला, पाणी नाही. म्हणाला, लाइनमननं फेज उलटा जोडलाय, सगळ्यांच्या मोटरी उलट्या फिरालत्यात. दोन वायरी आपसांत बदलल्या, पाणी सुरू झालं. मी म्हटलं, अण्णा, मला आधी उतरव. तर म्हणाला, करंट कवा जाईल काय नेम न्हाय, मिरची दोन पाळ्या वाळलीया. आणि फावडं घेऊन गेला.

मिरचीचे चारही वाफे भिजले. मग मला काढलं.

चूक लाइनमनची आहे. माझं डिझाइन बरोबर होतं. मान दुखतेय.

१६ मार्च, रविवार

मानेमुळे काम बंद.

१७ मार्च, सोमवार

आईचा हात भाजला. तवा चुलीवर आहे हे दिसलं नाही, तळवा सपाट टेकवला. मी घरी आलो तेव्हा मंगल मलम लावत होती. आई म्हणाली, काय न्हाय रं, जरा चटका बसला. तळव्याची कातडी निघाली होती.

मी म्हटलं, २४ला नेतोच. मंगलने वर न बघता विचारलं, कशातनं?

वाईट वाटलं. स्विच दुसऱ्या बाजूलाही एक लावायला हवा.

१८ मार्च, मंगळवार

मंगल सकाळच्या बसने आईला घेऊन गेली. मला न विचारता. हॉस्पिटलवाल्यांनी हात बघितला, डोळा बघितला आणि तारखेची वाट न बघता मधेच घेतलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंसुद्धा.

मंगल सांगत होती, बसमध्ये कुणीतरी आईला विचारलं, तुमची गाडी कुठं हाय? तर म्हणाली, चार्जिंगला लावलीया.

एका दिवसात होण्यासारखं काम होतं हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

३० मार्च, रविवार, पाडवा

आईला दिसतंय. सकाळी गुढी उभारताना काळा चष्मा कपाळावर सारून माझ्याकडे बघत उभी राहिली. म्हणाली, तुझं केस कवा पिकलं रं? मग मंगलला म्हणाली, आणि तू किती वाळलीस गं बाई.

दुपारी कुणाचा हात न धरता शेतावर आली. मी स्विच बसवत होतो. गाडीभोवती एक फेरा मारला. खाली वाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, तरी वाकून बघितलं. म्हणाली, चाकं कुठं हाईत रं?

मी म्हटलं, याला चाकं नसतात.

मग जातीया कुठं?

जात नाही, आई. इथंच बसून गेल्यासारखं वाटतं.

तिने खाटेचा पाय ओळखला, त्यावरून हात फिरवला. हाताला पट्टी होती. मग टीव्हीवरचं वाळलेलं हळदकुंकू पदराने पुसून काढलं आणि विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसली. मला लाज वाटली. हातातला स्विच उलटाच बसवला. उन्हामुळेही असेल.

संध्याकाळी बाळाबाई पाडव्याची साखरेची माळ घेऊन आली. येतायेताच म्हणाली, जयाबाई, आता दिसाय लागलं, गाडीतनं कवा फिरिवतीस आमास्नी? मी खांबाआड उभा होतो. आता खुलासा होणार म्हणून अंग चोरलं.

आई म्हणाली, इकली की गं. सदलग्याचं गिर्‍हाईक आलतं, बघितलं आणि लगीच घेऊन गेलं.

किती आलं, असं बाळाबाईने विचारलं. आईने आकडा सांगितला, तोही अजिबात न अडखळता. बाळाबाई म्हणाली, बरं झालं बाई, जागा तरी मोकळी झाली.

तेवढ्यात आई मागे वळली आणि तिला मी दिसलो. तिने चष्मा खाली घेतला, माळेतला एक तुकडा मोडून माझ्या हातात दिला आणि आत गेली.

मी खूप विचार केला. दोन मोटरी, दोन जॅक, सीट, परशरामची मजुरी आणि माझी एवढी मेहनत. इतक्या स्वस्तात मी दिली नसती.