‘रीकमिट’ : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

मंगळवार, ता. ४

आज लिफ्टवाला तळहातावर एक शब्द लिहून घेऊन आला — रीकमिट! बॉलपेनने, कॉपीबहाद्दरासारखा. एम एक, टी दोन. म्हटलं, बाबा रे, नेमकं उलट आहे. एम दोन, टी एक. त्याने थुंकी लावून हात पुसला आणि पुन्हा लिहिला.

हा माझा एकुलता एक विद्यार्थी. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आणि दारावर पाटी लावली — ‘इंग्रजी शिकवणी, व्याकरणासह’. बाकीचे ‘व्याकरणासह’ वाचूनच जिना उतरले असावेत. हा तेवढा राहिला. वय बेचाळीस, एकोणीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, नखांत कायमचं ग्रीस. काम सुटलं की सात वाजता येतो.

त्याची कंपनी कुठल्याशा मोठ्या कंपनीने विकत घेतली. नवे साहेब उठता-बसता हाच शब्द वापरतात म्हणे. “सगळे माना हलवतात, सर. मीपण हलवतो. पण कशाला हलवतोय ते कळायला नको का?”

चौतीस वर्षांत अशा हजारो माना पाहिल्या. विचारायला आलेला हा पहिलाच!

बुधवार, ता. ५

लिफ्टवाल्याने स्वतःच अर्थ लावून आणला होता. “कमिट म्हणजे गुन्हाच ना, सर? बातम्यांत असतं — कमिट मर्डर. मग रीकमिट म्हणजे तोच गुन्हा पुन्हा. साहेब असं का म्हणतील?”

हसून हसून ठसका लागला. आतून बायको पाणी घेऊन आली. म्हणाली, “एवढं काय? चुकीचं कुठे बोलतोय तो?”

मग पाऊण तास शिकवलं. कमिट — स्वतःला बांधून घेणे, शब्द देणे. री — पुन्हा. रीकमिट — दिलेला शब्द नव्याने देणे, ढिली झालेली निष्ठा पुन्हा घट्ट करणे. मागे ‘टू’ लागतो. भूतकाळात टी दोन होतात. जोर शेवटच्या अक्षरावर. सुटलेला कैदी परत तुरुंगात धाडणे, असाही एक अर्थ आहे, पण तो वकिलांसाठी — आपल्याला नको, म्हटलं.

तो म्हणाला, “पहिला शब्द मोडलाच नसेल, तर पुन्हा कशाला द्यायचा?”

असले प्रश्न परीक्षेत येत नाहीत. गृहपाठ दिला — दहा वाक्यं.

गुरुवार, ता. ६

दहापैकी सात वाक्यं चूक. एकात तर त्याने लिफ्टलाच रीकमिट करायला लावलंय.

शुक्रवार, ता. ७

आज मोठी गंमत! कंपनीचं पत्र आलंय. एकच कागद, प्रत्येकाच्या नावाचा. मथळाच — चला, रीकमिट करू या! उद्या वर्कशॉपमध्ये कार्यक्रम, तिथे सह्या. लिफ्टवाला झेरॉक्स घेऊन आला. “एकदा वाचून सांगता का, सर? म्हटलं, आपले सर असताना दुसऱ्याला कशाला विचारायचं?”

खोटं का लिहू — छाती फुगली. असं वाक्य ऐकून किती वर्षं झाली! उभा राहून मोठ्याने वाचलं, कविता वाचावी तसं. आपण एक कुटुंब आहोत, आपला प्रवास, आपलं स्वप्न, वगैरे वगैरे. भाषा म्हणाल तर गुळगुळीत. तिसऱ्या परिच्छेदात स्वल्पविराम चुकलाय. लाल पेनने गोल केला. इतक्या मोठ्या कंपनीला एक स्वल्पविराम सांभाळता येत नाही!

कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत मजकूर होता. वाचायचा चष्मा आत राहिला होता. उठायचा कंटाळा आला. म्हटलं, ते कायदेशीर असतं, सगळीकडे सारखंच.

“म्हणजे सही करू ना?”

“अरे, भावना आहे ती! भावनेवर सही करायला काय जातंय?”

तो वाकून नमस्कार करून गेला. झेरॉक्स इथेच राहिली.

शनिवार, ता. ८

कार्यक्रम झाला. लिफ्टवाला मुद्दाम सांगायला आला. फुगे लावले होते, साहेबांनी प्रत्येकाशी हात मिळवला, सही करतानाचा फोटो काढला. एका मेकॅनिकने ग्रीसचा हात पुढे केला तेव्हा साहेबांनी आपलं मनगट पुढे केलं! फोटोत बरोबर दिसतंय. साहेब नव्याने बांधले जायला तयार आहेत, फक्त हात घाण व्हायला नको.

सोमवार, ता. १०

काय लिहू? लिहितोच.

सकाळी मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर बायको ती झेरॉक्स हातात धरून बसलेली. ही तीस वर्षं दस्तनोंदणीच्या कचेरीत होती. कुठलाही कागद हातात आला की आधी उलटा करते. मी या सवयीवर कायम हसत आलोय.

“अहो, ही मागची बाजू वाचली होतीत?”

“हो,” म्हणालो. नंतर म्हणालो, “चाळली होती.”

“मग चौथं कलम मोठ्याने वाचा. शुक्रवारसारखं. उभं राहून.”

चष्मा लावून वाचलं. बसून. सही करणाऱ्याची आधीची नोकरी सहीच्या आदल्या दिवशी संपली, असं धरलं जाईल. नवी नोकरी आजपासून. पहिलं वर्ष उमेदवारीचं — त्या काळात कारण न देता कमी करता येईल. सही ऐच्छिक आहे, न करणाऱ्याची नोकरी आहे तशी चालू राहील.

न करणाऱ्याची नोकरी आहे तशी चालू राहील! त्याने नुसता हात खिशात ठेवला असता तरी वाचला असता. एकोणीस वर्षं माझ्या ‘भावने’ने एका सहीत पुसली.

सातवं कलम — सहीपासून सात दिवसांत, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत, लेखी कळवल्यास सही मागे घेता येईल.

“फोन करा त्याला,” बायको म्हणाली.

म्हटलं, कामावर असेल, लिफ्टच्या खड्ड्यात फोन कसा घेणार? संध्याकाळी येईलच, तेव्हा शांतपणे सांगतो.

संध्याकाळी तो आला. मी पूर्ण भूतकाळ शिकवला.

मंगळवार, ता. ११

आज सांगणार होतो. त्याने दहाच्या दहा वाक्यं बरोबर आणली! पहिल्यांदाच. एवढा खूश होता की म्हटलं, आज त्याचा दिवस कशाला खराब करायचा?

किती मोठं मन माझं!

रात्री वाढताना बायको डाव जरा जोरात आपटत होती.

बुधवार, ता. १२

आजही नाही. घसा बसला होता.

गुरुवार, ता. १३

लिफ्टवाल्याने आज आमच्या बाथरूमचा चार महिने लुकलुकणारा दिवा दुरुस्त केला. न सांगता, स्टुलावर चढून. वरूनच सांगत होता — आज साहेबांच्या तोंडावर पूर्ण वाक्य बोललो. आय रीकमिट मायसेल्फ टू माय वर्क. साहेब म्हणाले, व्हेरी गुड, कुठे शिकलास? “मी तुमचं नाव सांगितलं, सर.”

मी खाली स्टूल धरून उभा. तोंड उघडलं तेही, “सांभाळून, शॉक बसेल,” एवढ्यासाठी.

तो गेल्यावर बायको म्हणाली, “पोरांच्या पेपरात एवढीशी चूक सापडली की वर्गासमोर उभं करायचात. अख्ख्या शाळेला ऐकू जायचं म्हणे. आता तुमची सापडली तर घसा बसला?”

म्हटलं, उद्या सहापर्यंत वेळ आहे.

“वेळ त्याचा आहे,” ती म्हणाली. “तुम्ही वापरताय.”

चौतीस वर्षांत एकाही तपासनिसाने माझी अशी तपासणी केली नाही.

शुक्रवार, ता. १४

सांगितलं! एकदाचं सांगितलं!

दुपारपर्यंत खोलीत येरझारा घातल्या. तीन वाजता बायकोने चपला काढून दारात ठेवल्या. माझ्या आणि तिच्या, दोघांच्या. “तुम्ही जाताय की मी जाऊ?” मग मी गेलो.

वर्कशॉपमध्ये तो नव्हता. एका इमारतीत कामाला पाठवलेला. तिथे गेलो तर लिफ्ट बंद — अर्थात! तोच दुरुस्त करत होता ना. सात मजले चढलो. गुडघे आपापली भाषा बोलत होते. वर पोचलो तेव्हा तो लिफ्टच्या चाकाशी ओणवा, तोंडात स्क्रू-ड्रायव्हर.

“सर? तुम्ही? इथे?”

कागद उलटा करून दाखवला. चौथं कलम मराठीत सांगितलं. एकेक शब्द. शेवटी म्हणालो, “मी मागची बाजू वाचली नव्हती.”

तो ओरडेल असं वाटलं होतं. शिव्या देईल. मी तयार होतो. तो कागद वाचायला लागला. त्याला सगळं वाचता येत नव्हतं, तरी वाचत होता. मग विचारलं, “हे तुम्हाला कधी कळलं, सर?”

“आज सकाळी,” मी म्हणालो.

कसं तोंडातून गेलं कोण जाणे. पटकन गेलं. अगदी बिनचूक.

मग पळापळ. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो — अडुसष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा! वाटेत एका दुकानाच्या फळीवर अर्ज लिहिला. इंग्रजीत, मीच. पाच चाळीसला कंपनीच्या कचेरीत. खिडकीतल्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, “हा कोणी लिहिला? चांगला लिहिलाय.” एरवी मी थांबून गप्पा मारल्या असत्या. शिक्का बसला. पोच मिळाली. पाच बावन्न.

जिन्यात त्याने माझे दोन्ही हात धरले. “तुम्ही सात मजले चढून आलात, सर. दुसरं कोण आलं असतं?”

मी म्हणालो, “अरे, माझं कर्तव्यच होतं ते.”

हो! असंच म्हणालो!

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ‘आज सकाळी’ तेवढं गाळलं. तिने ऐकून घेतलं. “बरं झालं, एकाचं तरी वाचलं,” म्हणाली. एकाचं तरी म्हणजे काय? कौतुक म्हणून कधी सरळ करायचं नाही हिने! पण जेवण गोड लागलं. आज शांत झोप लागेल.

शनिवार, ता. १५

लिफ्टवाला सकाळी आठला आला. सकाळी कधी येत नाही. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना.

“सर, काल घाईत माझ्या डोक्यातच आलं नाही. बाकीचे सहीला तयार नव्हते. मीच म्हणालो, माझ्या सरांनी वाचलंय, नुसती भावना आहे, करून टाका. सतराजणांनी माझ्या शब्दावर केली. म्हणजे तुमच्या.”

मुदत काल सहाला संपली.

सगळे खाली उभे आहेत. दिसतायत गॅलरीतून. त्यांना एवढंच विचारायचंय, असं तो म्हणाला — सरांना हे कधी कळलं? तो त्यांना सांगून बसलाय, सरांना काल सकाळीच कळलं, कळल्याबरोबर धावत आले. आता मी माझ्या तोंडाने सांगितलं की त्यांची समजूत पटेल.

त्यांना वर आणायला तो खाली गेलाय. मी ही वही उघडून बसलोय. जिन्यात पावलं वाजायला लागलीत.

बायकोने मोठं पातेलं काढलं. म्हणाली, “चहा मी करते. वार तुम्ही सांगा.”