निरंजनच्या स्मारकावरचं आभाळ

निंबोला,
मे अखेर

प्रिय रुपालीताई,

धर्मेंद्रभाऊंशी झालेल्या आमच्या भांडणाची बातमी जळगावला तुमच्यापर्यंत पोचली असेलच, आणि पोचवणाऱ्यांनी तिला तिखटमीठही लावलं असेल. म्हणून जे झालं ते स्वतःच लिहून पाठवते. फोनवर मी चिडते, तुम्ही रडता, आणि बोलायचं राहूनच जातं.

आपल्या गावच्या स्मारकावर दोनच नावं आहेत. एकाहत्तरच्या लढाईत गेलेले उखर्डूबाबा आणि लडाखच्या सरहद्दीवर गेलेला तुमचा भाऊ, आपला निरंजन. दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनाला धर्मेंद्रभाऊंची समिती मंडप घालते आणि मंडपाच्या तोंडाशी माझा फ्लेक्स लावते. पांढरी साडी, वेडंवाकडं झालेलं तोंड, तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीवर कोसळलेली मी. तो फोटो कोणी काढला ते मला आजवर कळलेलं नाही. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट घटकेला कोणीतरी नेम धरून उभं होतं, एवढंच कळतं. त्या फोटोखालून चालत स्टेजवर जायचं, शाल-नारळ घ्यायचा, आणि आईंनी पदर डोळ्यांना लावायचा. इतकी वर्षं आम्ही दोघी मुकाट्याने गेलो.

आता फोटो मीही काढते. बऱ्हाणपूरला नंदकुमारकाकांच्या स्टुडिओत आधी नुसती लाइट धरायला जायचे, आता अख्खी लग्नं एकटी करते. विधवा बाई मांडवात कॅमेरा घेऊन फिरते हे गावात पुष्कळांना खुपतं. तुम्हालाही आवडलेलं नाही, ठाऊक आहे मला. तरी ऑर्डरी येतात.

यंदा मी धर्मेंद्रभाऊंना म्हटलं, तो रडका फोटो आता बस झाला. स्मारकाचा रात्रीचा फोटो काढून देते, वर आभाळभर तारे असलेला. ते हसायलाच लागले. "भाभी, पब्लिक को आँसू चाहिए, तारे देखने कौन आएगा?" म्हटलं, बरं, निदान एक रात्र तिथले फोकस बंद ठेवा, त्या उजेडात तारे येत नाहीत. तर म्हणे शहिदाच्या डोक्यावर अंधार करणं अपशकुन आहे.

घरी येऊन आईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. जेवणं झाल्यावर पदर खोचला आणि म्हणाल्या, "चाल, मी येते. दिवेच झाकायचे हायेत ना?" आणि गोठ्यातली लोखंडी घमेली एकात एक घालून डोक्यावर घेतली.

अमावास्या होती. स्मारकाभोवती जमिनीत बसवलेल्या एकेका फोकसवर आई घमेलं पालथं घालत गेल्या. शेवटचं पालथं पडलं आणि क्षणभर मला काहीच दिसेना. मग डोळे सरावले. ताई, आपल्या केळीच्या बागांवर एवढी आकाशगंगा रोज असते आणि आपण ती कधी पाहिली नव्हती. मी ट्रायपॉड लावला. आईंना बाजूला व्हायला सांगितलं, तर त्या स्मारकाला लागून उभ्या राहिल्या आणि हलेनात. म्हटलं, अर्धा मिनिट शटर उघडं राहील, दगडासारखं उभं राहावं लागेल. राहिल्या. कमरेवर हात ठेवून, भांडायला उभ्या राहतात तशा, तोंड वर करून. मी मोबाइलचा उजेड नावांवरून हळूच फिरवला आणि फोटो झाला. नंतर विचारलं, आई, एवढं काय बघत होतात? म्हणाल्या, "तो फोनवर सांगे, आई, इथं चांदण्या लई हायेत. म्या कधी मान वर करून पाह्यलंच नव्हतं."

तेवढ्यात धर्मेंद्रभाऊंची मोटारसायकल आली. हेडलाइट थेट आमच्या तोंडावर. "भाभी, ये क्या तमाशा है?" मी उत्तर देणार तोच आई पुढे झाल्या. "माह्या पोराजवळ उभं राह्याले मी तुले इचारू का रे?" गाडी तशीच वळून गेली.

कार्यक्रमाला फ्लेक्स जुनाच लागला. आम्ही स्टेजवर गेलो नाही. माइकवरून आमची नावं तीनतीनदा पुकारली गेली, आणि आम्ही आपल्या ओट्यावर बसून होतो. मागे भिंतीवर नंदकुमारकाकांनी मोठा छापून दिलेला नवा फोटो टांगला होता. मंडपाकडे जाणारी माणसं थबकायची. उखर्डूबाबांची धाकटी बहीण मालूबाई काठी टेकत आली आणि फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली. समितीच्या फ्लेक्सवर तिच्या भावाचं नाव कधीच नसायचं. जाताना तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकड बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी भर सकाळी, सगळ्यांदेखत, मी शिडी लावून तो फ्लेक्स उतरवला. धर्मेंद्रभाऊ ओरडत होते, समितीची वस्तू आहे म्हणून. असेल. चेहरा माझा होता.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुमच्या हिमानीच्या लग्नाचं सांगायला फोन केलात तेव्हा तुम्ही म्हणालात, तेजू, जेवायला नक्की ये, हळदीला मात्र नको, मुलाकडची माणसं असतात. फोन स्पीकरवर होता आणि आई शेजारीच बसल्या होत्या. बाबा गेल्यापासून त्यांच्याही कपाळावर कुंकू नाही, ताई, हे तुमच्या लक्षात राहिलं नाही. तुम्ही फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, "मंग मी बी नको का?" म्हणून आता तुम्हाला कळवते. हळदीच्या सकाळी आम्ही दोघी पोचतो आहोत. नातीला पहिली हळद आई लावतील आणि त्याचा फोटो मी काढीन. दार लावून घ्यायचं असेल तर घ्या. आम्ही बाहेर पायरीवर बसू आणि तिथून हळदीची गाणी म्हणू. आईंना सगळी पाठ आहेत, आणि आवाज अजून खणखणीत आहे.

तुमचीच,
तेजस्विनी