उडाणटप्पूचा बाप

विकीची आई,

तू देवळातनं येईस्तवर थांबलो असतो, तर तू मला जाऊ दिलं नसतंस. म्हणून ही चिठ्ठी. गाईची धार तेवढी काढ.

आपला विकी पावण्यांना कड्यावरनं पाण्यात उड्या मारायला शिकवतो, त्या नवशिक्यांत आज मीबी हाय. काल त्याच्या गिऱ्हाइकांम्होरं मी त्याला उडाणटप्पू म्हणालो. पोरगं नुसतं लाइफ जाकिटं गोळा करत राह्यलं. राती घरीबी आलं न्हाई. चुकलो म्हणायला माजी जीभ रेटत न्हाई.

मला पवायला येत न्हाई, ह्ये त्याला ठावं हाय. त्यो ‘अण्णा, मारा’ म्हणला, की डोळं झाकून उडी मारीन.

भाकरी त्याच्याबी टाक.