साडेसत्तावीस वर्षांचा घसारा

मी, नतेर्सिया फुर्तादो, वय एकोणपन्नास, राहणार फॉल रिव्हर, मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोटात गाठ आहे, पण गाठीला मत नसते. खाली आहे ते सगळे माझे मत. कुणी धाक घातलेला नाही. सल्ले मात्र पुष्कळ मिळाले, आणि ते कुणी दिले तेही खाली येईल.

घटस्फोटाच्या वर्षी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

एक. माझ्यामागे सगळी व्यवस्था माझी मुलगी लीडिया हिने पाहावी. माझा थोरला भाऊ दिनिस आमच्या चर्चमधल्या अर्ध्या लोकांची करपत्रके भरून देतो, आणि कुणाच्या पैचीही अफरातफर करत नाही. तरी त्याला नेमलेले नाही. दिनिस, तुला वाईट वाटेल. कारण तिसऱ्या कलमात आहे.

दोन. बँकेतली ठेव लीडियाला. पडद्यांच्या कारखान्यातून मी विकत घेतलेले शिवणयंत्र वरच्या मजल्यावरच्या सोखोमला. तसेही तिच्या मुलांच्या विजारी त्यावरच आखूड होतात. माझे माजी पती बेल्मिरो, हल्ली मुक्काम फ्लोरिडा, यांना लाकडाच्या भेगा बुजवायच्या पुट्टीचे डबे द्यावेत. तळघरात अजून चार आहेत. दुसरे काही देऊ नये.

तीन. घर, लीडियाला. तीन मजली, लाकडी. तळमजल्यावर मी, मधला मजला रिकामा, वर सोखोम छिम, तिची दोन मुले आणि तिची आई. आईला आम्ही सगळे येय म्हणतो, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. मागच्या अंगाला एकावर एक तीन लाकडी गॅलऱ्या, सगळ्या त्याच खांबांवर उभ्या. वरच्या गॅलरीतून कपड्यांची दोरी कप्पीवरून अंगणातल्या डांबापर्यंत जाते.

घटस्फोटात माझ्या वाट्याला आलेले हे घर बेल्मिरो आणि मी लग्न झाल्यावर लगेच घेतले. तेव्हा दिनिसने आम्हाला समोर बसवून दोन शब्द शिकवले.

"हे बघ पोरी. फळी बदलली, तर ती दुरुस्ती. खर्च त्याच वर्षी भाड्यातून वजा. अख्खी गॅलरी नवी बांधलीस, तर ती सुधारणा. मग तोच खर्च साडेसत्तावीस वर्षं चिमटी-चिमटीनं वजा करत बसायचं. कळलं?"

"म्हणजे फळीच बदलायची," बेल्मिरो म्हणाला.

"मी काही सांगितलं नाही हां," दिनिस म्हणाला, आणि दोघे हसले.

तेव्हापासून सुधारणा हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. एका वर्षी कठडा, एका वर्षी खांबाचा पाय, एका वर्षी नुसती पुट्टी आणि वर करडा रंग. प्रत्येक फळी खरी होती, पावतीही खरी होती. पण आज त्या गॅलऱ्यांत मूळचे काय उरले आहे ते मला सांगता येणार नाही. त्यांना भिंतीशी काय धरून ठेवते, तेही नाही.

भाड्याची जागा दरवर्षी थोडी झिजते असे सरकार मानते आणि तेवढ्यापुरता कर घेत नाही. त्याला घसारा म्हणतात. आमचा साडेसत्तावीस वर्षांचा घसारा गेल्या वर्षी पुरा झाला. कागदावर वरचे दोन मजले आता शून्य किमतीचे आहेत. मी राहते त्या तळमजल्याला घसारा लागू नाही, म्हणून तो कागदावर अजून नवाकोरा. नव्याकोऱ्या मजल्याच्या डोक्यावर कागदावर काहीच नाही, आणि त्या काहीच नसलेल्यात माणसे झोपतात. हे एकदा मनात आले ते जात नाही.

गॅलरी आणि भिंत यांच्यातल्या फटीत पूर्वी टपालकार्ड जेमतेम शिरायचे. मग लोणी लावायची सुरी जाऊ लागली. या ईस्टरला माझी बोटे गेली. ऑगस्टमध्ये मनगटापर्यंत हात गेला आणि आत गार हवा लागली.

गाठीचे कळले तेव्हा दिनिस केल या पालेभाजीचे सूप घेऊन आला. मला वाढले, स्वतःला वाढले, आणि म्हणाला, "आता काही विकू नकोस. लीडियाच्या नावावरही करू नकोस. जिवंतपणी विकलंस तर आजवर घेतलेल्या घसाऱ्यावर सरकार कर मागेल. तिला बक्षीस दिलंस तर तेच लोढणं तिच्या गळ्यात. तुझ्याच नावावर राहिलं आणि... तर तिला त्या दिवसाच्या बाजारभावानं मिळतं. मागचं सगळं पुसलं."

"आणि काय?"

"काय, आणि काय?"

"राहिलं आणि, म्हणालास. आणि काय, दिनिस?"

तो वाडग्यात सॉसेजचा तुकडा शोधू लागला. "जेव गं. निवतंय."

"आणि गॅलऱ्या?"

"तुझं ऑपरेशन होऊ दे. आत्ता बांधकामाचा परवाना काढलास की नगरपालिकेचा माणूस येणार, सगळं उकरणार. वर ती सुधारणा. वजा व्हायला साडेसत्तावीस वर्षं. तू तोवर..." त्याने बोटांवर मोजायला घेतले आणि मध्येच हात टेबलाखाली नेला.

तो दुष्ट नाही. माझ्या मुलीचे भले बघत होता. पण माझ्यावर जीव टाकणारा भाऊ आता माझ्या जाण्यावर घराचे गणित बसवतो आहे, आणि मागच्या गॅलऱ्यांनीही तेच गणित ऐकले आहे, असे मला त्या दिवसापासून वाटते.

चार. या ठिकाणी आधी लिहिले होते की, माझ्या मृत्यूनंतर वाटणीच्या आधी गॅलऱ्या पाडून नव्या बांधाव्यात. वकीलबाईंनी ते वाचून चष्मा काढला. "मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर बोलतं, नतेर्सिया. तोवर ते मुकं. आणि तुम्ही गेल्यावरसुद्धा कोर्टाचा शिक्का मिळेपर्यंत महिने जातात."

"हे गॅलऱ्यांना कोण सांगणार?" मी विचारले. त्यांनी चष्मा परत लावला.

त्याच आठवड्यात इल्देबेर्तो सुताराला बोलावले. त्याने खालच्या खांबात स्क्रूड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला, आवाजसुद्धा झाला नाही.

"वर कोण राहतं?"

मी सांगितले. त्याने डोक्यावरची टोपी काढली. आमच्यात टोपी मयतीला काढतात.

म्हणून ते कलम खोडले आहे. परवाना काढला, करारावर सही केली. काम सोमवारी सुरू होईल, मला गुरुवारी दाखल व्हायचे आहे. दोन नंबरच्या कलमात लिहिलेली ठेव त्यामुळे जवळजवळ संपली. लीडियाला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, "आई, मामाचं ऐकू नकोस. मामा मेलेल्यांचे कर फार छान भरतो." दिनिसने येत्या वसंतात माझा कर भरताना हा खर्च सुधारणा म्हणूनच लिहावा, दुसरा शब्द शोधू नये.

पाच. नव्या गॅलऱ्यांचे निमित्त करून सोखोमचे भाडे वाढवू नये. घर विकायचे झालेच तर तिला राहू देणाऱ्यालाच विकावे.

सहा. कपडे वाळवायचे यंत्र येयला, आणि ते माझ्या मरणाची वाट न बघता. कारण असे. इल्देबेर्तोने तिन्ही मागची दारे आडव्या फळ्या ठोकून बंद केली, आणि दुसऱ्या दिवशी दोरीवर चादरी. मी वर गेले. फळी भिंतीला टेकवलेली, खिळे वाटीत नीट जमवलेले.

"येय, गॅलरी पडेल!"

येय त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. सोखोम वाटीतले खिळे चाळू लागली.

"काय म्हणते?"

"म्हणते, आम्ही आलो तेव्हापासून ताई पडेल पडेल करते. पडली का? चादरी कुठे वाळवू, ताईच्या डोक्यावर?"

परवा यंत्र वर नेले, दार पुन्हा ठोकले आणि दोरी कापून टाकली. वाटले, आता कप्पीची करकर थांबेल. दोरी नाही, कपडे नाहीत, वारा नाही. करकर तशीच आहे.

सात. दागिने. आईची फिलिग्रीची, म्हणजे सोन्याच्या बारीक तारेच्या नक्षीची कर्णफुले लीडियाला, आणि बांगडी

इथवर लिहिले आणि मागे स्वयंपाकघरात काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. साक्षीसाठी आलेला इल्देबेर्तो बघून आला. ठोकलेल्या दाराच्या वरून भिंतीला भेग गेली आहे, सकाळी नव्हती. तो म्हणाला, "सही करा, बाई, आणि चला." सोखोम कामावर आहे. येय आणि मुले वर आहेत, आणि मुलांचे पाय मला मधल्या रिकाम्या मजल्यातूनही ऐकू येत आहेत, मागच्या बाजूला धावताना.

बांगडीचे आणि उरलेल्या सगळ्याचे लीडियाने तिला योग्य वाटेल ते करावे. माझे म्हणणे इथे संपले.

सही: नतेर्सिया फुर्तादो

आम्हा दोघांच्या देखत तिने ही सही केली, आणि तिच्या देखत आम्ही.
इल्देबेर्तो मोनीझ, सुतार
ओटिलिया पाशेको, शेजारीण

दिनांक: शनिवार, २१ ऑक्टोबर २०२३, सकाळ
स्थळ: राहते घर, रस्त्याकडची पुढची खोली. इथून आम्ही तिघे पुढच्या जिन्याने वर जात आहोत.