कर्नलच्या उजवीकडची खुर्ची

१९ नोव्हेंबर १८६८

हे निवडणूक हरले! आणि मी देवाचे आभार मानत बसले आहे — कुणाला सांगायची सोय नाही. लंडनला बिऱ्हाड हलवायचं टळलं. लढाईत एक पाय देऊन आलेला नवरा आता पार्लमेंटला द्यायचा नाही मला.

यांचा चेहरा मात्र बघवत नव्हता. गाडीतून उतरताना एवढंच म्हणाले, "ट्यूडरनं माझ्या तोंडावर त्या दुसऱ्याचं नाव घेतलं."

मत द्यायचं म्हणजे ओट्यावर चढून उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगायचं, तिथं लपवाछपवी कसली! आमच्या बाकीच्या कुळांनी खाली बघत यांचं नाव पुटपुटलं. आमचं पेनलानचं शेत कसणाऱ्या ट्यूडरनं तेवढी टोपी काढली, यांच्यापुढे मान लववली आणि खणखणीत विरोधात बोलला. हाडाचा चॅपेलवाला, सरकारी चर्च न मानणाऱ्या पंथाचा! आमची चर्चवाल्यांची भीड तो कशाला धरील?

२० नोव्हेंबर

डोळ्याला डोळा नाही. आमचा मेरिग झाला तेव्हा मी तापानं फणफणलेली, अंगावर दूध नाही. ट्यूडरच्या बायकोनं, कॅट्रिननं, आपल्या तान्हीबरोबर त्यालाही हिवाळाभर पाजलं. आज कार्टं घरभर धिंगाणा घालतंय ते तिच्यामुळे. त्यांचं शेत यांनी काढून घेतलं तर कुठल्या तोंडानं तिच्यासमोर जाऊ?

२४ नोव्हेंबर

शेजारचे जमीनदार ट्रेवरसाहेब, त्यांनी विरोधात मत दिलेल्या आपल्या सगळ्या कुळांना नोटिसा धाडल्या — वसंतात शेतं सोडा. आमचा कारभारी हॉपकिन सकाळीच दारात! "कर्नलसाहेब, आज सोडलंत तर उद्या डोक्यावर बसतील." हे नुसते पाइप ओढत राहिले.

जेवताना मी विषय काढलाच. कॅट्रिनच्या दुधाची आठवण दिली. तर म्हणतात, "उपकार तुझ्यावर झालेत. मत माझ्याविरुद्ध पडलंय."

"मुलगा काय माझ्या एकटीचा आहे?"

उठून गेले. लाकडी पाय आपटत.

२५ नोव्हेंबर

अबोला.

१ डिसेंबर

आज आपणहून बोलले. खिडकीशी उभे, पाठ माझ्याकडे. "तोफेसमोर उभं राहणं सोपं गं. आजूबाजूला आपली माणसं असतात. हा एकटा उभा राहिला. याला कसा हाकलू?"

ट्यूडरला नोटीस नाही! हॉपकिनला तसा निरोप गेलासुद्धा. मी भरदिवसा यांच्या गळ्यात पडले. "अगं, नोकर बघतायत!" बघेनात का मेले! असा नवरा कुणाला मिळतो? देवा, तुझे उपकार कसे फेडू?

११ डिसेंबर

खंड भरायचा दिवस, कुळांची पंगत. हंस भाजले, मटण आणि लीकच्या कांदापातीचा रस्सा मोठ्या हंड्यात. माझ्या डोक्यात आलं — ट्यूडरला यांच्या उजवीकडे बसवायचं. ती खुर्ची आजवर हॉपकिनची.

"तो संकोचेल," हे म्हणाले.

"संकोचू दे! माझा नवरा काय माणूस आहे ते कळू दे सगळ्यांना."

बसवलाच. बिचारा कानापर्यंत लाल. बिअरला शिवत नाही, म्हणून ताक मागवलं त्याच्यासाठी. हॉपकिन पार खालच्या टोकाला, लिंबू चोखल्यासारखं तोंड करून! यांनी उभं राहून ट्यूडरच्या नावानं पेला उचलला. बाकीची कुळं जरा गप्पगप्पच होती. मी दाराआडून बघत होते. रडूच आलं. किती दिलंयस रे देवा!

३ जानेवारी १८६९

नाताळ झाला, नवं वर्ष उजाडलं, कॅट्रिन फिरकली नाही. कधी चुकवत नाही ती. मनुकांचा पाव पाठवला, त्यावर निरोपही नाही.

शेवटी आमच्या मोलकरणीला, एलिनला, बोलतं केलं. तीही त्याच चॅपेलात जाते. आधी एप्रनच्या टोकाशी चाळा करत राहिली, मग भडाभडा बोलली. ट्रेवरसाहेबांच्या कुळांसाठी चॅपेलात वर्गणी निघाली आहे, जो तो त्यांना आपल्या घरात जागा देऊ करतोय. आणि ट्यूडरला तोंडावर विचारतात, "आम्ही रस्त्यावर येणार, आणि तू कर्नलच्या उजवीकडे! त्याला गुपचूप काय कबूल करून आलास रे?" कॅट्रिनच्या बाकावर म्हणे कुणी बसत नाही.

मूर्ख लेकाचे! अशा माणसावर संशय? निवळेल थोड्या दिवसांत. यांच्या कानावर घातलं नाही. फार दिवसांनी शीळ वाजवत फिरतायत घरात.

२५ मार्च

शेतं सोडायचा दिवस. ट्यूडर पेनलानची किल्ली यांच्या हातात देऊन गेला — आपणहून. अमेरिकेला निघाली आहेत. हे थांबवत राहिले, तो नुसती मान हलवत होता.

कॅट्रिन आत आली नाही. मेरिगच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाईसाहेब, तुम्ही हाकललं असतंत ना, तर गावातल्या कुठल्याही घरानं आम्हाला आत घेतलं असतं."