पिवळ्या रेघेवरचा ओरखडा

रहिमतपूर,
१७ नोव्हेंबर १९९६

प्रिय मयू,

तुझं पत्र दिवाळीनंतर लगेच मिळालं. सांगलीच्या विश्रामबागेतलं तुमचं घर, गॅलरीतून दिसणारे नारळ, तुझ्या सुमंतरावांनी आणलेला नवा मिक्सर... वाचून अम्मी आणि मी खूप हसलो, कारण पाट्यावर चटणी वाटायची म्हटलं की तुझं डोकं दुखायचं. उत्तर लिहायला घेतलं होतं. दीड पान झालंही होतं. काल ते फाडून टाकलं. जिला ते लिहीत होते ती मयूरी आणि आज जिला लिहितेय ती मयूरी एकच, हे अजून माझ्या डोक्यात शिरत नाहीये.  अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

आपण दोघी रहिमतपूरहून एसटीनं पहिल्यांदा साताऱ्याच्या कारखान्यात गेलो तो दिवस तुला आठवत असेल. साहेबांनी टेबलावर एक पितळी इंजिन ठेवलं होतं, हातभर सुद्धा नव्हतं. त्यात पाणी घातलं, खाली स्पिरिटची वात पेटवली, आणि थोड्या वेळानं ते खरोखरच्या वाफेवर फुसफुसत रुळांवरून निघालं. तू टाळ्या वाजवल्यास. विलायतेतली मोठी माणसं असली इंजिनं घेऊन घरात मांडतात म्हटल्यावर एसटीत बसून आपण पोट धरून हसलो होतो. मग मला तपासणीला बसवलं, तुला पॅकिंगला. पुढं अब्बाही आले. ट्रकांवर नावं आणि दुकानांच्या पाट्या रंगवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते या हिरव्या इंजिनांवर पिवळी रेघ ओढायला लागले. केसाएवढी रेघ, केबिनपासून निघून वळसा घेऊन परत जिथल्या तिथं मिळणारी. रेघ ओढताना ते श्वास धरायचे, आणि आपण दोघी काचेपलीकडून बघत आपलाही धरायचो.

एप्रिलमधलं तुला वेगळं काय सांगू, तू तिथंच होतीस. विलायतेहून फॅक्स आला, मागच्या खेपांतल्या कितीतरी इंजिनांची पिवळी रेघ केबिनच्या खिडकीखाली तुटलीय. फॅक्सवरचा फोटो म्हणजे नुसता काळा डाग. साहेबांनी तो अब्बांपुढं धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चांदसाहेब, हात थरथरायला लागलाय तुमचा." मी म्हटलं, मी भिंगाखाली बघून पास केलेली इंजिनं आहेत ही. तर म्हणाले, "बापाचा माल पोरीनं पास केला, त्यात नवल काय?" अब्बांनी ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले आणि निघाले. मला तपासणीवरून काढून स्टोअरला टाकलं. त्या दिवशी एसटीत तू माझा हात हातात घेऊन रडलीस. मी तुला समजावलं, मयू. मी तुला!

आणि त्यानंतर तक्रार आली नाही. एकही नाही. सगळ्यांनी मान डोलावली, म्हातारा गेला आणि माल सुधारला. खरं सांगते, मलाही तसंच वाटायला लागलं. आपले डोळे बापाच्या मायेनं आंधळे झाले होते, असं मी स्वतःला सांगितलं.

तू लग्न होऊन गेल्यावर अब्बांचं काय झालं ते तुला पत्रांतून थोडंच कळवलं. त्यांनी ब्रश परत हातात धरला नाही. मानसिंग ट्रकवाले नवी गाडी घेऊन दारात आले, "चाचा, नाव तुमच्याच हातचं पायजे," म्हणत अडून बसले. अब्बा आत जाऊन झोपले. चहाची बशी दोन्ही हातांनी धरतात. उगाचच उजवा हात पुढं करून बोटांकडं बघत राहतात, आणि इतकं बघितल्यावर कुणाचाही हात थरथरेल. आता खरंच थरथरतो.

काल ती परत पाठवलेली इंजिनं आली. नव्यानं रंगवून द्यायला विलायतेनं बोटीनं धाडलेली, इतके महिने वाटेत होती. स्टोअरला मी होते म्हणून खोकी मीच फोडली. पहिलं इंजिन हातात घेतलं तेव्हा बघायचंच नाही असं ठरवलं होतं. पण सवय जात नाही. भिंग काढलं. मयू, रेघ तुटलेली नव्हती. ब्रश उचलला गेला तर रेघ निमुळती होते, रंग पातळ होतो. इथं दोन्ही बाजूंनी ती भरघोस, सरळ होती, आणि मधेच हिरव्या रंगासकट खरवडून निघालेली, खालचं पितळ दिसेपर्यंत. शेजारी शेजारी दोन बारीक ओरखडे. दुसरं इंजिन काढलं. तेच. तिसरं, तेच. सगळी इंजिनं जमिनीवर मांडली. सगळ्यांवर डाव्याच अंगाला, खिडकीखाली, तसेच दोन ओरखडे.

डाव्या अंगाला. पॅकिंगला सगळ्या जणी इंजिन डाव्या हातात धरून उजव्या हातानं कागद गुंडाळतात. डावखुरी तू एकटी, इंजिन उजव्या हातात धरून डावा हात त्याच्या डाव्या अंगावरून फिरवणारी. आणि साखरपुड्यात तुझ्या सासूबाईंनी त्याच डाव्या हातात घातलेली ती अंगठी, खडा धरणाऱ्या दोन नख्या वर आलेल्या. एसटीत तिच्यात माझी ओढणी अडकली होती, दोन धागे ओढले गेले होते, आणि तू म्हणाली होतीस, सोनाराकडं न्यायला हवी. कारखान्यात तू वर पातळ पांढरे हातमोजे घालायचीस, नख्या त्यांतून बाहेर येत असणार, पण अंगठी झाकलेली, म्हणून कुणाच्या नजरेला आली नाही. मी जमिनीवर तशीच बसून राहिले.  तरी मनात म्हणत होते, तिला काय ठाऊक, बिचारीच्या नकळत झालं. तेवढ्यावर राहिलं असतं तर मी हे पत्र असं लिहिलं नसतं.

पॅकिंगची खोली झाडणाऱ्या हरणाबाईंना मी सहज विचारावं तसं विचारलं. त्या झाडू टेकवून म्हणाल्या, "व्हय की. लागायची तिची अंगठी. एकदा ओरखडा दिसल्यावर रंगाची काडी घिऊन बुजवीत बसली हुती. मी म्हनलं, काढ की गं ती. तर म्हनली, सासूनं घातलीया, बिनअंगठीची दिसले तर बोलतील. मग तुजा बा गेला, तवा काढली."

तवा काढली. अब्बा गेले तेव्हा. म्हणून तक्रारी थांबल्या. ज्या गोष्टीनं अब्बांच्या दोषावर शिक्कामोर्तब झालं, ती तू केलीस, आणि जाणून केलीस. माझ्याशेजारी एसटीत बसून रडलीस तेव्हा ती अंगठी तुझ्या पर्समध्ये होती का गं?

साहेबांना मी इंजिनं दाखवली. ओरखडा पॅकिंगमधला आहे एवढंच सांगितलं, तुझं नाव घेतलं नाही. ते बराच वेळ भिंगातून बघत होते. मग म्हणाले, "बोलावून घे त्यांना." मी मिळेल त्या एसटीनं घरी गेले. अब्बांना सगळं सांगितलं, कुणाच्या तरी अंगठीनं झालं म्हणून. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बेटी, बापाला किती समजावशील? साहेबाला दया आली असेल. माझा हात मला कळतो." मी इंजिन पुढं केलं तर त्यांनी तोंड फिरवलं. मी त्यांची मुलगी ना. माझं कोण खरं मानणार?

तूच लिहिलंयस, अब्बांना मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा, उतरायला आमच्याकडंच या. ते वाचून अम्मीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. येत्या गुरुवारी अब्बा येताहेत, एकटेच. शुक्रवारी डॉक्टर. मी त्यांना अडवलेलं नाही आणि तुझं नावही सांगितलेलं नाही. ते तुझ्या घरी जेवतील, तुला सुखी बघून खूश होतील, आणि मग तो हात डॉक्टरांपुढं धरतील. त्याच्या आधी त्यांना तू सांग. सुमंतराव, सासूबाई घरात असतील, नसतील, ते तुझं तू बघ. सगळ्या जगात एकाच माणसाचं, तुझं, बोलणं ते खरं मानतील, कारण स्वतःची लाज घालवून त्यांच्याशी खोटं बोलायचं तुला काहीच कारण नाही. माझी माफी नंतर माग, किंवा मागू नकोस. मला आत्ता तिचा विचार करवत नाही. शुक्रवारी सकाळी ते दवाखान्यात न जाता परतीच्या एसटीत बसले, तर तू सांगितलंस असं मी समजेन.

तुझीच (हा शब्द खोडावा की ठेवावा, कळेना, म्हणून ठेवलाय),
सबीना