दुखण्याचं सोंग

७ जानेवारी

पोचले एकदाची! निवृत्त झाल्यावर आमच्या शाळेतल्या बायका एकतर कुंड्यांत मिरच्या लावतात, नाहीतर सुनांशी भांडतात. मला ना कुंडी ना सून, म्हणून मी धाकट्या भावाकडे राहायला आले. आईवडलांच्या मागे त्याला मीच वाढवलं. आता त्याने मला सांभाळावं, एवढा हिशोब चुकता व्हायला हरकत नाही.

घर छान आहे. खाली त्याचं चष्म्याचं दुकान, वर तीन खोल्या, मधे लाकडी जिना. मला रस्त्याकडची खोली दिली आहे. समोर किल्ल्या करणारा बसतो, त्याच्या शेजारी इस्त्रीवाला. दोघांचं दिवसभर भांडण चालतं, म्हणजे करमणुकीची सोय झाली. धाकट्याने खिडकीला नवे पडदे लावलेत, तेही उलटे. मी हसून हसून बेजार झाले.

मागच्या खोलीत विहीणबाई राहतात. भावजय दिवाळीनंतर गेली. खूप आजारी होती, एवढंच मला फोनवर कळलं होतं. तिच्या आईला दुसरं कुणी नाही, म्हणून धाकट्याने त्यांना ठेवून घेतलं. माझंच वळण आहे, दुसरं काय!

एक गोष्ट मात्र खटकली. चष्म्याचा बारीक स्क्रू त्याच्या हातून तीनदा पडला, आणि मी बघतेय म्हटल्यावर त्याने डावा हात खिशात घातला. मी जन्मभर पोरांना कवायत शिकवली. कवायतीच्या तासाला ज्याचं पोट दुखतं त्याचं मधल्या सुट्टीत बरं होतं, हे मला कुणी शिकवायला नको. खोट्या दुखण्याचं लक्ष सगळं बघणाऱ्याकडे असतं. खरं दुखणं माणूस लपवतो.

हात ओढून पाहिला. करंगळी बर्फासारखी गार होती.

१९ जानेवारी

बारा दिवस डॉक्टरांच्या दारात गेले. करंगळीचा गारठा मनगटापर्यंत चढला आहे. त्यात आता प्रत्येक घासाला गंजलेल्या लोखंडाची चव लागते म्हणतो. डावी पापणी अर्धी मिटलेली असते, ती बोटाने उचलून धरून तो काचा घासतो.

हाडांच्या डॉक्टरने नसांच्या डॉक्टरकडे पाठवलं. नसांच्या डॉक्टरने मशीनमध्ये घातलं, सुया टोचल्या, रक्त काढलं. रिपोर्ट असे स्वच्छ आले की फ्रेम करून भिंतीवर लावावेत. मग त्याने मान वाकडी करून सांगितलं की मनावर ताण आहे, फिरायला जात जा. ज्याची पापणी उचलत नाही त्याने फिरायला जावं! मी त्याच्या तोंडावर सांगितलं की माझ्या भावाला काही झालं तर मी रोज तुमच्या दवाखान्याच्या दारात उभी राहून शिट्टी फुंकीन. धाकट्याला लाज वाटली. वाटू दे. माझा भाऊ झिजतोय आणि ह्यांना कारण सापडत नाही. एकेकाला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या पाहिजेत.

२६ जानेवारी

डावा पाय आता फरफटतो.

विहीणबाई काही बोलत नाहीत. नुसत्या बघतात. तो जेवताना, तो पापणी उचलताना, तो जिना चढताना. मदतीला कधी हात पुढे नाही. आपण एखाद्या कुकरकडे शिट्टी होईपर्यंत लक्ष ठेवतो, तसं त्यांचं त्याच्याकडे लक्ष असतं.

आज दुपारी तो झोपला होता आणि मी उशाशी बसून मटार सोलत होते. झोपेतच तो अगदी बारीक आवाजात बोलला. म्हणाला, आई, उशी जरा उंच कर. त्याने आयुष्यात कुणाला आई म्हटलेलं नाही, त्याला आई आठवतच नाही. आणि दाराआडून विहीणबाई हळूच म्हणाल्या, केली गं.

गं म्हणाल्या. माझ्या हातातली वाटी खाली पडली.

३१ जानेवारी

ही बाईच त्याला काहीतरी घालते आहे. त्याचं रात्रीचं दूध त्याच तापवतात, म्हणजे आणखी काय पाहिजे? आजपासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. दूध मोरीत ओतलं, मसाल्याचे डबे फेकले. बघतेच आता. माझ्या भावाच्या जिवावर उठलेल्या माणसाला मी जिवंत सोडणार नाही.

४ फेब्रुवारी

पाच दिवस सगळं माझ्या हातचं खातो आहे. तरी आज जीभ अडखळायला लागली. मला ताई म्हणायला त्याला चार वेळा प्रयत्न करावा लागला.

मी विहीणबाईंच्या खोलीत गेले, दार लावलं आणि विचारलं की काय देता त्याला. त्या शांतपणे म्हणाल्या की मी काही देत नाही, मी फक्त बघते. मग सगळं सांगितलं. त्यांच्या लेकीलाही हेच झालं होतं. आधी करंगळी, मग लोखंडाची चव, मग पापणी, पाय, जीभ. ह्याच क्रमाने. तिचेही रिपोर्ट स्वच्छ होते. आणि माझा भाऊ प्रत्येक डॉक्टरला तिच्यादेखत सांगायचा की ही सोंग करते, कामाचा कंटाळा आहे. शेवटच्या दिवशी दवाखान्यातून आणल्यावर त्याने तिला जिन्याच्या पायथ्याशी सोडलं. सोंग नसेल तर चढून दाखव म्हणाला आणि दुकानात जाऊन बसला. जीभ गेलेली, हाक मारता येईना. विहीणबाई औषधं आणायला गेल्या होत्या. परतल्या तेव्हा ती जिन्यावरच गेलेली होती, आणि दुकानात गिऱ्हाईक होतं.

माझं डोकं फिरलं. ज्याला मी बोट धरून चालायला शिकवलं, त्याच्याबद्दल हे ऐकून घ्यायचं? मी ओरडले की तुमच्या लेकीला काही झालेलं नव्हतं, सोंगच होतं तिचं. आणि तेवढ्यावर थांबले नाही. तोही आता सोंगच करतो म्हणा की, सगळं घरच सोंगाडं आहे!

विहीणबाई चिडल्या नाहीत. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

६ फेब्रुवारी

धाकटा बरा झाला! सकाळी धडाधड जिना उतरून गेला. पापणी उघडी, हात ऊबदार, चहा गोड लागला म्हणून दोन कप प्याला. मी आनंदाने खिडकीतून किल्लीवाल्याला ओरडून सांगितलं. त्याला काय कळलं कोण जाणे, त्यानेही हात हलवला.

भांडी घासताना डाव्या हाताची करंगळी गार लागली. पाणीच गार असेल.

९ फेब्रुवारी

पाणी गार नव्हतं. बोट गरम चहात बुडवून पाहिलं. काही कळलं नाही. कातडी मात्र भाजली. चहाला लोखंडाची चव.

धाकट्याला सांगितलं. दुकानात तुंबलेलं काम आहे, संध्याकाळी बघू म्हणाला. संध्याकाळी विसरला. मग मी सरळ विचारलं, बायकोला जिन्यात सोडलं होतंस का? तो हातातली काच पुसत राहिला. मग उठून खाली गेला.

म्हणजे खरं आहे.

१२ फेब्रुवारी

पापणी पडली. एका डोळ्याने लिहिते आहे.

विहीणबाई आपणहून आल्या. बसल्या. त्यांच्या लेकीने जीभ होती तोवर एक तळतळाट दिला होता. ह्या घरातला जो कुणी माझ्या दुखण्याला सोंग म्हणेल, त्याच्या अंगात ते जावो. ती गेली आणि ते त्याच्या अंगात गेलं. तेव्हापासून गप्प बसून मी त्याची जीभ जायची वाट पाहत होते, म्हणाल्या. आणि तुम्ही मधे येऊन तो शब्द बोललात. तुम्ही माझा घास पळवलात.

मी विचारलं, परत कसं जाईल?

त्याने तुम्हाला सोंग म्हटलं की, म्हणाल्या. मग उठून त्यांनी दार आतून लावलं.

१५ फेब्रुवारी

तो म्हणेलच. बायकोला म्हणाला, मला काय सोडतो! फक्त वैताग आणला पाहिजे. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी वरून कण्हते. पाणी मागते, आणलं की सांडते. परत मागते. जन्मभर सोंगं पकडली, आता खऱ्या दुखण्यावर खोटं दुखणं चढवते आहे. पोरांनी पाहिलं तर टाळ्या पिटतील.

विहीणबाई सांगतात, जोरात कण्हा. आम्हा दोघींचं आता छान जमतं.

बाळा, तुला मी वाढवलं. तुझा पाय परत फरफटताना मला बघायचा आहे. त्या जिन्यावर.

१८ फेब्रुवारी

पाय गेला. जेवणाचं ताट त्याच्या अंगावर फेकलं. शर्ट माखला. तोंड उघडलं त्याने — आता, आता — आणि मिटलं. फरशी पुसली.

का म्हणत नाही?

२० फेब्रुवारी

जीभ जड. विहीणबाई म्हणतात, हातात अजून एक दिवस आहे. त्यांचा चेहरा उतरला आहे.

अक्षर वाकडं येतंय —

२१ फेब्रुवारी

दुकान बंद केलं त्याने. दिवसा. वर आला. माझा गार हात दोन्ही हातांत धरून लहान पोरासारखा रडला. म्हणाला, ताई, हे खरं आहे. माझ्या अंगातून गेलंय, मला माहीत आहे. तिचंही खरं होतं. तिला मी म्हणालो ते म्हणालो, तो शब्द ह्या तोंडातून पुन्हा कधी निघायचा नाही. तू काहीही कर. मी तुझं खरंच मानणार —

विहीणबाई दारातून निघून गेल्या.

मी मान हलवते आहे. नाही, नाही. त्याला वाटतं दुखतंय. पाय चेपतो आहे.

जीभ हलत नाही. वही त्याच्यापुढे धरते, म्हणजे वाचेल — पण डोळे पुसतो आहे, बघत नाही — छातीत गार —

बाळा, म्हण ना. एकदाच. सोंग म्हण. ताईला सोंगाडी म्ह